गळतीबंद मिस्त्रींची नळी

गळती बुजवण्यात मिस्त्रींचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, पण त्यांनी आवळलेला सांधा पुन्हा पाझरला, असं कधी झालं नाही. लोक त्यांना गळतीबंद मिस्त्री म्हणत. घरी मात्र या माणसाला झाडांना तांब्याभर पाणी घालायचं लक्षात राहील तर शपथ. अंगणातली बावीस झाडं बायकोनं एकटीनं वाढवली होती.

तिला डॉक्टरांनी सहा महिने दिले. तिनं रडारड केली नाही. माझ्यामागं झाडं सुकतील, एवढंच मनाला खातंय, म्हणाली. मिस्त्रींच्या ते जिव्हारी लागलं.

त्यांनी विटांवर ड्रम चढवला, आपोआप भरायला त्यात फ्लोट बसवला. तिथून काळी नळी प्रत्येक झाडाच्या बुंध्याजवळून फिरवली आणि तिचं टोक दुमडून तारेनं बांधलं. मग तापवलेल्या सुईनं पहिलं भोक पाडलं. पाण्याची चिळकांडी उडाली तसा त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांच्या लेखी ती गळतीच. लगेच टेप गुंडाळून ते बुजवलं आणि शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक सुई मागून घेतली. आता थेंब थेंब पडू लागला. पायरीवर बसलेली बायको कितीतरी दिवसांनी हसली. जन्मभर भोकं बुजवणाऱ्यावर ही वेळ आली, म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. नऊ दिवस मिस्त्री तिच्या खाटेशेजारी बाकावर झोपले. ती रोज झाडांचं विचारी आणि ते रोज छाती फुगवून सांगत, की नळी आहे ना. शेजारच्या वहिनींना एकदा डोकावून यायला सांगणंही त्यांना कमीपणाचं वाटलं. आपलं काम दुसऱ्यानं तपासायचं?

तिला घेऊन परतल्यावर फाटक उघडलं, तर पानांचा हात लावताच चुरा होत होता. ड्रम काठोकाठ भरलेला. मिस्त्रींनी सुरीनं नळी चिरली. ड्रममधला गाळ एकेका भोकात घट्ट बसला होता. इतकं बारीक भोक गढूळ पाण्यात दोन दिवस टिकत नाही, हे नवशिक्यालाही कळतं. त्यांच्या हातानं मात्र जन्मभराचंच काम केलं होतं.

बावीसांतली तीन झाडं तगली होती.

"मोठी भोकं पाडतो. आत्ताच पाडतो," ते म्हणाले.

"राहू द्या. उरलीत ती वहिनींना देऊन टाका. माझ्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली. रागावली नव्हती, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं.

गुलाबाच्या दोन कुंड्या त्यांनी स्वतः उचलून शेजारी पोचवल्या. तिसरं डाळिंब, ते जमिनीत रुजलेलं. ते राहील, असं त्यांना वाटलं. परत आले तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"कुदळ आणा," ती म्हणाली.