मनीचा उंदीर आणि सानियाचं फिजिक्स

मित्रहो, आज सकाळी आमच्या लातूरच्या अंगणात मनीने उंदीर धरला. धरायचा, सोडायचा, पंजाने उलथवायचा, पुन्हा धरायचा. आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे मी लगेच निकाल दिला, "किती निर्घृण ही मार्जारी!"

आमच्या वरच्या खोलीत राहून नीट परीक्षेची तयारी करणारी चाकूरची सानिया जिन्यात उभी होती. "काका, ती खेळत न्हाई, भेतीय. उंदीर चावला तर तोंडाला जखम व्हईल. म्हणून आधी दमविती त्याला."

"अस्सं? मग तूही सकाळपासून फिजिक्सचं पुस्तक नुसतं उघडतेस नि मिटतेस, ते त्याला दमवायलाच का?"

ती हसली. "लई चावतंय काका ते. दुपारी टेस्ट हाय. मार्क घसरले तर खालच्या बॅचला टाकतेत."

तेवढ्यात मनीचा पंजा सैल पडला आणि उंदीर मोरीत पळाला. सानिया वर गेली.

अर्ध्या तासाने चहाला हाक मारली, तर वरून उत्तर आलं, "थांबा काका, आत्ताच धरलंय!"

मी मात्र भावाला करायचा फोन तीन महिने नुसता उचलतोय आणि परत ठेवतोय. तुमचं काय?