गोळीतलं मीठ

लिथियम कार्बोनेट ही पांढरी, बिनवासाची पूड असते. बारावीच्या मुलांना मी सांगते की हा क्षार जरा उलट्या स्वभावाचा आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा कमी विरघळतो. त्याच्या गटातले सोडियम, पोटॅशियमचे कार्बोनेट साध्या आचेला दाद देत नाहीत, याचं मात्र तापवल्यावर विघटन होतं. चिनी मातीच्या भांड्यांवरच्या चकाकीसाठी तो वापरतात, मोबाईलची बॅटरी बनवायलाही लागतो. बॅटरीचं नाव निघालं की मागच्या बाकावरची मुलं जागी होतात. तो औषध म्हणूनही देतात, एवढं मी एका वाक्यात सांगते आणि पान उलटते. ते वाक्य आमच्या घरचं आहे.

आमचं घर भाटघर धरणाच्या पाण्याकाठी, भोरहून आत. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ती मिळाली दादामुळे. दहावीनंतर त्याने शाळा सोडून शेत धरलं आणि मला रोज सायकलवरून एसटीच्या थांब्यावर सोडलं. भोरच्या कॉलेजात लिथियमच्या क्षाराने ज्योत किरमिजी लाल झालेली मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा घरी येऊन आधी त्यालाच सांगितलं. त्याला त्यातलं काही कळलं नसेल, पण तो असा ऐकत राहिला की जणू ती ज्योत मीच तयार केली होती.

मी नसरापूरजवळ शिकवायला लागले, तिथेच खोली घेतली, आणि त्याच वर्षी दादा आजारी पडला. धरणाचं पाणी डोंगरावर चढवतो म्हणून तो कुदळ घेऊन आमच्या पडीक उतारावर खणत सुटला. झोप नाही, जेवण नाही, तोंड बंद नाही. गावाला सांगत फिरायचा, "दिवाळीला पाट सुरू. भाताची तयारी करा." लोक हसले, मग घाबरले. पुढे तो असा खचला की भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

पुण्याच्या डॉक्टरांनी लिथियम कार्बोनेटची गोळी दिली. आईला समजावं म्हणून ते म्हणाले, "मावशी, हा एक प्रकारचा क्षार आहे. मिठासारखाच समजा." मला बाजूला घेऊन जास्त सांगितलं. या औषधाची गुण देणारी मात्रा आणि विष होणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं, म्हणून रक्त तपासत राहायचं. पाणी भरपूर प्यायचं. आणि जेवणातलं मीठ कमी करायचं नाही, कारण मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम नीट वेगळे ओळखता येत नाहीत. मीठ कमी पडलं की ते लिथियमच धरून ठेवतं. हे सगळं मी घरी येऊन सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

दादा सुधारला. मी रोज संध्याकाळी फोन करायचे.

"गोळी घेतली?"

"घेतली, इन्स्पेक्टरबाई."

"जेवलास?"

"जेवलो. पिठलं-भाकरी. वास येतोय का तिकडं?"

मग वेल्ह्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी शिकलेली होती आणि तिला शेतीची आवड होती. दादाला ती मनापासून पसंत होती. मुलीकडच्यांना आजाराचं कळलं नव्हतं. लग्नाआधी सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

एका रविवारी मी घरी गेले तर दादाच्या हातातल्या कपातून चहा बशीत सांडत होता.

"गारवा लई हाय हितं," आई म्हणाली.

गारवा कसला, अंगाला घाम येत होता. आठवडाभर त्याचं पोट बिघडलेलं होतं, तेही आत्ता कळलं. त्या दिवशी जेवताना लहानपणीसारखा मी त्याच्या ताटातला एक घास उचलला. पिठल्यात मीठच नव्हतं.

"आई, मीठ राहिलं गं."

मी माझ्या ताटातलं पिठलं खाऊन पाहिलं. त्यात मीठ व्यवस्थित होतं. मिठाची वाटी पुढे ओढली तर दादाने ताटावर हात धरला.

"देवीचं हाय," आई म्हणाली. "सव्वा महिना अळणी बोललेय मी. थोडंच राह्यलंय, तू मधी बोलू नको. दुखणं गेलं की पोरीकडच्यांना सांगायचीबी गरज न्हाई."

"मीठ बंद करायचं नाही, हे किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"गोळी बंद करू नको म्हनालीस. केली का? एक दिस चुकली न्हाई. आन् डॉक्टरच म्हनलं न्हवं, गोळीत मीठच हाय. मंग ते जातंयच की पोटात. वरचं सोडलं तर काय बिगडलं?"

"मग गोळीने नवस मोडत नाही?"

"औशदाला दोष न्हाई."

आईच्या बोलण्यातला प्रत्येक तुकडा कोणीतरी तिला दिलेलाच होता. एक डॉक्टरांनी, एक मी, एक देवळातल्या कोणी. तिने ते नीट जोडले होते. चूक कुठे आहे हे समजावायला वर्गात मला अर्धा तास लागला असता. दादाच्या हातांकडे पाहून तेवढा वेळ आहे असं वाटलं नाही.

शेजारच्यांच्या जीपमधून आम्ही पुण्याला निघालो. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "दोनचार दिसांसाठी कशाला मोडता?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं. वाटेत दादाची जीभ जड झाली. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मनातल्या मनात ते सगळे फोन पुन्हा ऐकले. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. गोळी घेतली होती, पिठलंही खाल्लं होतं. मी रविवारी यायचे तेव्हा दादाची वाटी आधी बाजूला काढून मग पातेल्यात मीठ पडायचं. ज्याने मला शाळेला पोचवलं, त्याने माझं शिकणं घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

रक्तात लिथियम बरंच वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि सलाइन लावलं. आई बाटलीकडे बघत होती.

"ह्यात काय असतं?"

"मिठाचं पाणी."

"मंग मोडलं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दादा वाचला. बोलता यायला लागल्यावर तो म्हणाला, "तू रोज इचारतीस ना, ते बंद कर. इचारलं की लपवावं लागतं."

"मला सांगायचंस."

"तू करू दिलं नसतंस."

ते खरं होतं. मला त्याला म्हणायचं होतं की तू मला फसवलंस. पण हाताला सुई लावलेल्या माणसाला ते म्हणणं बरं दिसेना, म्हणून ते मी घरी परतल्यावर बोलायचं ठरवलं.

कमी मात्रेने गोळी पुन्हा सुरू झाली. दादा घरी आला त्याच आठवड्यात मुलीच्या वडिलांचा मला कॉलेजवर फोन आला. कोणीतरी दवाखान्याचं त्यांच्या कानावर घातलं होतं.

"तुमी मास्तरीण हाय, तुमी खोटं न्हाई बोलनार. पोराला काय हाय?"

मी आजाराचं नाव सांगितलं. गोळी चालू आहे आणि बहुधा जन्मभर घ्यावी लागेल, असंही सांगितलं. गोळी घेतली की तो किती चांगला राहतो, हेही सांगितलं, पण तोवर पलीकडून नुसतं "बरं, बरं" येत होतं.

त्याच दिवशी एसटीने गावी जाऊन मी हे दादाला स्वतः सांगितलं. तो ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. त्याने विळा बाजूला ठेवला.

"फसवलंस, बाय," तो म्हणाला.

तो शब्द मी त्याच्यासाठी दवाखान्यापासून तोंडात धरून आणला होता. माझ्याआधी तो त्यानेच म्हटला.