चौदा बाया, एक फोटो आणि आमची न दिसणारी नाणी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एखादं गंभीर काम हाती घ्या, ते आपोआप साचतात. आम्ही अमरावतीच्या कॉलेजातले सात विद्यार्थी लोकांचा इतिहास लिहायला निघालो, तेव्हा आमच्याकडे एक फोटो होता आणि किस्सा एकही नव्हता. वर्ष झालं. फोटो अजून एकच आहे!

तो अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचा. मधे खुर्चीवर मालक, पुढे जमिनीवर चौदा बाया, सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे रेच्यांवर, कापूस टाकणाऱ्या. मालकाचं नाव खाली छापलेलं, बायांची कुठेच नाहीत. ती शोधायची, हे आमचं काम. आमच्या इतिहासाच्या मॅडमनी त्यासाठी ब्लॉग काढायला लावला. लेख आवडला की वाचक मत देतात, आणि मतांची क्रिप्टोची नाणी होतात. म्हणजे इतिहास लिहायला शिकायचं आणि त्या नाण्यांवर एक संस्थाही चालवून बघायची.

* * *

दर्यापूरला घरी सांगितलं. बाबा सोयाबीनचं पोतं शिवत होते. म्हणाले, "एखादं नाणं दाखव बरं."

"बाबा, ते हातात नाही घेता येत. नेटवर असते."

"अन् ज्या बायाइचा इतिहास लिवून राहिली, त्या?"

"त्या फोटोत दिसतात. पण त्याइचे नावं मालूम नाही अजून."

बाबांनी दोरा तोडला. "म्हंजे बाया दिसतात त नाव नाही, अन् पैशाले नाव हाये त दिसत नाही. चांगलं कॉलेज हाये!"

* * *

संस्थेला किमान सात सभासद लागतात. आम्ही नेमके सात. पहिल्या बैठकीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष आणि प्रसिद्धिप्रमुख निवडले गेले. टाळ्या झाल्या. लेटरहेडच्या रंगावर दोन तास चर्चाही झाली.

मॅडमनी विचारलं, "छान. आता अकोल्याला जाऊन बायांना शोधणार कोण?"

सहाही पदाधिकाऱ्यांनी उरलेल्या एका सदस्याकडे पाहिलं.

सदस्य म्हणजे मी!

* * *

फोटोवरच्या माझ्या लेखाला तीन मतं पडली. एक माझं, एक मॅडमचं, एक आमच्यातल्या निखिलचं, आणि तेही चुकून. त्याच आठवड्यात अध्यक्ष वैभवनं आईच्या हातच्या, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्यांवर चार ओळी लिहिल्या. जगभरातून मतांचा पाऊस! ब्राझीलच्या एका माणसानं विचारलं, गोवऱ्या ऑनलाइन मिळतात का?

मी चिडले. "लोकांना इतिहास नकोच आहे!"

वैभव शांतपणे म्हणाला, "असं काहून म्हणतं? त्या बायाइले जेवताना दाखव ना."

* * *

नाणी काढायची किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ. हरवली की संपलं, दुसरी मिळत नाही. मॅडमनी कोषाध्यक्ष निखिलला फोनवर बजावलं, "मोबाइलमध्ये ठेवू नको. आत्ताच्या आत्ता हातानं लिहून घे."

निखिल शेंदूरजनाघाटचा. तेव्हा तो बागेत उभा राहून संत्र्यांची तोड करून घेत होता. कागद नव्हता. समोर लाकडी पेटी होती. त्यानं आज्ञा पाळली. संध्याकाळी पेट्या भरून ट्रक गेला.

पुढच्या तासाला मॅडमनी विचारलं, "संस्थेची मालमत्ता सध्या कुठे आहे?"

निखिल उभा राहिला. "मॅडम, कलकत्त्याच्या मंडीत."

नवं खातं उघडून आम्ही पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. वैभवनं पुन्हा रोडगे टाकले.

* * *

आमच्या कामाचं प्रदर्शन ठरलं आणि त्यासाठी फोटोतल्या मालकांच्या नातवानं हॉल दिला. फोटो पाहून तो हळवा झाला. मग म्हणाला, "रविवारपर्यंत बायांची नावं मिळाली तर ठीक. नाही तर आजोबांपुरता कापून मोठा करा. बिननावाची गर्दी कशाले उगाच?"

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "देणगीदाराशी संयमानं बोलावं. संस्था चालवण्याचा सहावा धडा."

"मॅडम, धडा बदला!" मी म्हणाले.

मॅडमनी अकोल्याच्या बसचं वेळापत्रक माझ्यापुढे धरलं.

* * *

शनिवारी जुन्या शहरात चौथ्या गल्लीत, सहाव्या दारात अनसूयाबाई सापडल्या. ऐंशीच्या पुढच्या. आधीच्या पाच दारांतून "आमाले नाही मालूम" ऐकून मी रडकुंडीला आले होते. त्यांनी फोटो हातात घेतला, आणि नातसुनेला टीव्ही बंद करायला लावला.

"ही रुखमा. ही शकीला, हिच्या डब्यातलं लोनचं समदे खायचे. ही जनाबाई, हिचा आवाज असा का रेचा बंद पडला वाटे. ही मी. पाह्य, माहे पाय, चप्पल तुटली होती, म्हून लुगड्याखाली घेतले…"

बोट सरकत होतं, माझं पेन मागे पडत होतं. चौदाच्या चौदा! मधे एकदाही त्या अडखळल्या नाहीत.

आता एकच उरलं होतं. सांगणाऱ्याची आठवण पक्की आहे का, हे तपासायला आपल्याला आधीच माहीत असलेली एक गोष्ट विचारायची असते. मी खुर्चीवरच्या माणसावर बोट ठेवलं.

"आजी, अन् हे कोण?"

अनसूयाबाईंनी फोटो जवळ घेतला. लांब धरला. चष्मा मागवला, पदरानं पुसला, घातला. दारातल्या उजेडाकडे वळून बराच वेळ पाहिलं.

"नाही आठवत व माय," त्या म्हणाल्या. मग माझं थांबलेलं पेन पाहून त्यांना माझी दया आली असावी.

"लिव ना, सोबत एक मानूस."