गद्दाराची पिवळी फुलं

मला ती फुलं कधीच आवडली नाहीत. लालबागच्या आमच्या चाळीमागे, संडासाच्या भिंतीपलीकडे उन्हाची एक पट्टी होती. तिथे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत सावली म्हणून पडत नसे. संपाच्या दुसऱ्या वर्षी बाबा मिलमध्ये परत गेले आणि मिलच्या माळ्याकडून कोरिऑप्सिस नावाच्या फुलझाडाचं बी घेऊन आले. ते नाव त्यांना कधी नीट म्हणता आलं नाही, ते तिला ‘पिवळी’च म्हणत. मिलमधून काही आणायचंच होतं तर हेच सुचलं, याचा मला संताप आला होता.

संप मोडला म्हणून चाळीने आम्हाला वाळीत टाकलं होतं. आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना, नळावर आमची बादली पायाने बाजूला सरकवली जाई. बाबा मात्र सुट्टीच्या दिवशी जमीन खणत बसत. त्यात मातीपेक्षा कोळशाची राखच जास्त होती. मी शेणखत आणू का विचारलं, तर म्हणाले, "नको. हिला खाऊ घातलं की नुसता पाला माजतो." पाणीही बेताचंच. पावसात मुळाशी पाणी साचू नये म्हणून त्यांनी वाफा वीतभर उंच केला होता. एकदा लावली की दोन-तीन वर्षं बघायला नको, असं ते सांगत, जणू आम्ही इथे दोन-तीन वर्षं सुखाने नांदणार होतो.

दिवाळीनंतर फुलं आली. आणि समोरच्या खोलीतली काकू रोज सकाळी परडी घेऊन येऊ लागली. तिचा नवरा आणि बाबा वीस वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणत होते. तो संपातच राहिला, परत गेला नाही. बाबा गेले त्या दिवसापासून त्या घरातून आमच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. आमचा चहा त्यांना चालत नव्हता, आमची फुलं बरी चालत होती. देवासाठी फूल तोडायला परवानगी लागत नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. ती माझ्यासमोर शांतपणे खुडायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. बाबा खिडकीतून बघत, पण एका शब्दाने तिला अडवत नसत.

शिमग्याला आईबाबा गावी गेले. दुसऱ्याच सकाळी मी वाफ्यापाशी जाऊन उभी राहिले.

"काकू, विचारून घेत जा."

"देवाक फुलां व्हरूक कोणाक इचारूचां लागता?"

"मग देवालाही सांगा, ही गद्दाराच्या घरची आहेत म्हणून."

तिने परडी तिथेच उलटी केली आणि गेली. मला फार बरं वाटलं. त्याच दिवशी मी भंगारवाल्याकडून जाळी आणली, वाफ्याभोवती ठोकली, आणि तिची टोकं साखळीने बांधून कुलूपही लावलं.

तीन आठवड्यांनी बाबा आले तेव्हा वाफ्यात एक फूल नव्हतं. काळपट बोंडं आणि वाळलेले दांडे. मी म्हटलं, तिने दृष्ट लावली असणार. बाबांनी एक बोंड चुरून तळहातावर बी पाहिलं.

"ती रोज खुडायची म्हणून फुलत होती," ते म्हणाले. "फूल झाडावरच सुकू दिलं की ही बी धरते आणि फुलायची थांबते."

"मग तुम्ही खुडा. चोरांची काय गरज आहे?"

त्यांनी कुलपाची किल्ली मागितली. जाळी सोडवताना, माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"त्यांच्याकडे पूजा तिचा नवरा करतो. रोज सकाळी माझी फुलं त्याच्या हातात जायची. आणि त्याला ठाऊक होतं कुणाची ते."

मला बाबांचाच राग आला. हे आधी सांगता येत नव्हतं का? पण सांगितलं असतं तर मी कुत्सित हसले असते, हेही मला माहीत होतं.

बाबांनी दांडे निम्म्यावर छाटले. महिन्याभरात झाडं पुन्हा पिवळीधमक झाली. जाळी नव्हती, कुलूप नव्हतं. मी एकदा जिन्यात काकूला म्हटलं, "फुलं आली आहेत." ती माझ्या अंगावरून खाली उतरून गेली. पुढे समोरच्या देव्हाऱ्यात बाजारातला झेंडू दिसू लागला. त्या घरात खायचे वांधे होते, तरी झेंडू विकत आणत होते.