आज कुणाचा नंबर

सातवीच्या बाईंच्या आणि माझ्या वर्गांमध्ये प्लायवुडची भिंत आहे. ती तात्पुरती म्हणून लावली होती, त्याला एकोणीस वर्षं झाली. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे माझी सहावी खिदळते.

सातवीच्या वर्षात मुलं काय शिकतात, असं कुणी विचारलं तर मी छापील यादी हातात ठेवीन. शेकडेवारी, फुलाचे भाग, नकाशाचं प्रमाण, तक्रारीचं पत्र. आमची शाळा ख्रिस्ती, म्हणून शिवाय वीस वचनं पाठ, येशूचे बारा दाखले अर्थासह, आणि रोज सकाळी प्रार्थना. ही प्रार्थना वर्गशिक्षकानं स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या शब्दांत करायची, असा शाळा चालवणाऱ्या मंडळाचा नियम आहे; मुख्याध्यापिका, आमच्या मोठ्या बाई, तो कसोशीनं पाळायला लावतात. मी ती सव्वा मिनिटात उरकतो. देवाला कामं असतात आणि मला गणित संपवायचं असतं.

बाईंना नऊ मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजलेली आहेत. बसचा ड्रायव्हर, गळका नळ, कुणाच्या तरी काकूचा मोतीबिंदू, सगळे त्या प्रार्थनेत यायचे. मुलं त्यांना लांबणबाई म्हणत. पुढचा तास माझा, सातवीच्या गणिताचा. तो रोज चार मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. मी चिडायचो, पण देवाशी बोलणाऱ्या बाईला मध्येच थांबवणार कसं?

बाई सव्वीस वर्षं सातवीवरच होत्या. लग्न केलं नव्हतं. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या आणि तिथे त्या आणि त्यांची मोठी बहीण राहायच्या. बहीण शिवणकाम करायची. शाळेतल्या निम्म्या मुलांचे गणवेश तिच्याच मशीनवरून आलेले. मागच्या वर्षीच्या मोठ्या सुट्टीत बहिणीची मूत्रपिंडं गेली. पाच आठवडे बाई दवाखान्यात खाटेशेजारी गुडघे टेकून होत्या. नर्स म्हणे त्यांना ओलांडून सलाइन बदलायची. बहीण गेलीच.

अंत्यविधीला बाई रडल्या नाहीत. हातात रुमाल होता, त्याची इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नाही. मला ते आवडलं नव्हतं, खरं सांगतो. माणसानं थोडं तरी रडावं.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी माझी सव्वा मिनिटं उरकली आणि पलीकडचा आवाज कधी सुरू होतो याची वाट बघत बसलो. काहीच नाही. सहावीसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मग बाईंचा आवाज आला, अगदी सपाट.

"एक नंबर. उठ. तू कर."

"काय करू, बाई?"

"प्रार्थना."

बराच वेळ बाक करकरलं. "प्रभू, आजचा दिवस... बरा जाऊ दे. आमेन."

दुसऱ्या दिवशी दोन नंबर, तिसऱ्या दिवशी तीन. हजेरीपटावर अठ्ठावीस मुलं. अठ्ठावीस संपले की पुन्हा एक.

आठवड्याभरानं स्टाफरूममध्ये मी विचारलंच. "बाई, नवीन पद्धत वाटतं?"

"पद्धत कसली, सर." त्या चहाच्या कपाकडे बघत होत्या. "तोंड उघडलं की काही येत नाही. राग येईल असं वाटलं होतं. तोही येत नाही. मोठ्या बाईंना कळलं तर वर्ग काढून घेतील. लायब्ररीत बसवतील."

"मग?"

"मग काय. घरी गेलं की मशीन झाकलेली. इथे निदान सातवी आहे."

मी कुणाला बोललो नाही. मला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला आवडत नाही, आणि माझा तासही आता वेळेवर सुरू होत होता.

मुलांची प्रार्थना सुरुवातीला नुसती पोपटपंची होती. हळूहळू ती सुटली. गोलकीपरचा गुडघा आला, कुणाची तरी आई रोज उशिरा येते ते आलं. एका महाभागानं, "गणिताच्या सरांना थोडं आजारपण दे, फार नको, दोनच दिवस," असं मागितलं. मला त्या आठवड्यात खोकला झाला. योगायोग, दुसरं काय. प्रत्येक प्रार्थनेनंतर सत्तावीस गळे आमेन म्हणायचे. बाईंचा आवाज त्यात नसायचा.

त्या वर्षी सातवीची हजेरी विलक्षण होती. अकरा नंबर तर एकदा अंगात ताप घेऊन आला. प्रार्थना म्हटली आणि बाकावरच कोसळला. त्याच्या आईला बोलावलं तर ती म्हणाली, काल संध्याकाळपासून एकच घोकत होता, उद्या जायलाच पाहिजे. मी त्याला चांगलं झापलं.

मग सहामाहीनंतर मंडळाचे पाहुणे घेऊन मोठ्या बाई सातवीत शिरल्या आणि नेमका बावीस नंबर फार छान बोलला. पाहुणे हरखले. बाईंनी स्वतःची प्रार्थना आधीच केली असेल, असं सगळ्यांनी धरलं. मोठ्या बाई तर काय, पद्धत आपल्याच डोक्यातून निघाली असावी इतक्या खूश झाल्या. वर्षअखेरच्या पालकसभेत बाईंनी या उपक्रमावर बोलावं आणि शेवटी स्वतः प्रार्थना करावी, असं तिथल्या तिथे ठरलं. बाई आगीतून फुफाट्यात पडल्या. त्यांनी मान हलवली, बस.

सातवीच्या शेवटच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो, 'या वर्षी तुम्ही काय शिकलात?' निवडक उत्तरं पालकसभेत वाचतात. दरवर्षी तेच. शिस्त शिकलो, वक्तशीरपणा शिकलो. बाई पेपर तपासत होत्या, मी समोर माझे गठ्ठे घेऊन बसलो होतो. एका पेपरापाशी त्या थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि तो माझ्याकडे सरकवला. तेवीस नंबर, वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी.

'आम्ही प्रार्थना करायला शिकलो. बाईंना करता येत नव्हती म्हणून आम्ही ती वाटून घेतली. आधी आम्हाला पद्धत वाटली. मग आम्ही बघितलं, की आमेनला पण बाईंचे ओठ हलत नाहीत. आम्ही ठरवलं की आपला नंबर असेल त्या दिवशी कुणीच गैरहजर राहायचं नाही, नाहीतर बाईंवर येईल. आणि घरी सांगायचं नाही.'

मला अकरा नंबरचा ताप आठवला.

"किती मार्क देऊ?" बाईंनी विचारलं.

"पाचापैकी पाच," मी म्हणालो. "आणि हा पेपर गठ्ठ्याच्या तळाशी ठेवा. त्या सभेत काहीतरी दोन ओळी म्हणा आणि सुटा."

"मुलं वर्षभर माझ्यासाठी गप्प बसली, सर. उद्या तिथे उभी राहून मी त्यांच्यासमोर खोटी प्रार्थना करू?"

सभेत त्यांनी ते उत्तर वाचून दाखवलं. आवाज हजेरी घेताना असतो तसा. शेवटी म्हणाल्या, "हा उपक्रम नव्हता. मला जमत नव्हतं. अजून जमत नाही." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. मोठ्या बाई नंतर रडल्या, पण नियम त्यांनी केलेला नव्हता. नव्या वर्षी सातवी दुसऱ्या बाईंकडे गेली आणि आमच्या बाई लायब्ररीत.

लायब्ररी माझ्या दारासमोरच आहे. नवं वर्ष सुरू झालं त्या सकाळी, पहिल्या तासाच्या घंटेच्या आधी, आठवीत गेलेला एक नंबर माझ्या दारावरून गेला, मिनिटभर लायब्ररीत थांबला आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी दोन नंबर. मी सहावीला गणितं घालून दारात उभा राहायला लागलो. आत मूल उभ्यानं काहीतरी पुटपुटायचं. बाई पुस्तकांवर शिक्के मारायचा हात तेवढा थांबवायच्या.

दहाव्या दिवशी दहा नंबर येऊन गेला. अकराव्या दिवशी कुणी येणार नव्हतं. अकरा नंबरच्या वडिलांची बदली झाली होती. शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहून दिला होता.

सकाळी मी दारात उभा होतो. बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि दाराकडे बघितलं. माझी सव्वा मिनिटं उरकून झालेली होती, सहावी हळू आवाजात भांडत होती. मी कॉरिडॉर ओलांडला आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसलो.

"काय हवंय, सर?"

"आज अकरावा नंबर," मी म्हणालो.

मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. रोजची वाक्यं होती, पण ती इथे म्हणवेनात. दुसरं काही येईना. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. घंटा झाली, ती थांबली, सहावीचा गोंगाट वाढला. मी तसाच बसून राहिलो, समोर बाई बसून राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "आमेन."