एकाच मुळीचे दोन शहाणे

गावचा वैद आणि तालुक्याचा डॉक्टर यांच्याइतके एकमेकांच्या तोडीचे गाढव मी पुन्हा पाहिले नाहीत. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नागपूरला डॉक्टरकी शिकत होतो आणि बाबा गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी तळ्यावर जाळं फेकून घर चालवत होते. त्यांचं डोकं दुखायचं म्हणून डॉक्टरने रक्तदाबाच्या नव्या गोळ्या दिल्या. आईने वैदालाही विचारलं, त्याने एक मुळी दिली. आमच्याकडची रीतच ती: डॉक्टरचं सोडायचं नाही आणि वैदाला दुखवायचं नाही. त्यातून जंगलातली मुळी म्हणजे घरचीच, तिने कसला अपाय होणार!

उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो तर बाबा ओसरीवर बसलेले. चेहरा लाकडासारखा, हात थरथरणारे, जाळं खुंटीवर. शिवीशिवाय वाक्य न संपवणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. गावाला मात्र त्यांच्यात साधू दिसला! बाया येऊन पाया पडत. एकीने तर पुढ्यात नारळ ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आई म्हणाली, "सकारी वैदाची मुळी, रातच्याले डाक्टरची गोळी. मी काईच कमी करून नाई राह्यली."

मुळी बघितली. सर्पगंधा. ही नवी गोळी सर्पगंधेतूनच काढतात, हे आमच्या प्राध्यापकांनी नुकतंच सांगितलं होतं. म्हणजे बाबांच्या पोटात एकच औषध दुप्पट जात होतं.

मी दोघांना घरी बोलावून बाबांसमोरच हे सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "जंगली मुळी आणि माझी गोळी एकच? कॉलेजात हेच शिकवतात का?" वैद खिदळला, "गोळीत माही मुळी कुठून शिरन? मानूस शांत झाला, ते तुले काऊन खुपते?" आणि दोघे एकमेकांकडे बघून हसले. आयुष्यात त्यांचं तेवढ्याच बाबतीत जमलं.

कॉलेजात मध्यमेंदू मी कापून पाहिला होता, त्यातली काळसर पट्टी पाठ केली होती. ती नेमकी कशासाठी, हे शिकवणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. पुढे कळलं, त्या पट्टीतल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन पुरवतात आणि त्यावर आपली हालचाल चालते. जवळच, मधल्या रेषेवर सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशी, त्यांचा संबंध मनाशी. सर्पगंधा दोन्ही साठे रिकामे करते. शांती कसली, कणगी झाडून नेली होती.

मी दोन्ही औषधं बंद केली. हळूहळू बाबांची बोटं वळू लागली, शिव्या परतल्या, पाया पडणाऱ्या बाया हिरमुसल्या. वैद म्हणाला, मुळीचा गुण. डॉक्टर म्हणाला, गोळीचा. लाज दोघांनाही नव्हती.

बाबा पुन्हा तळ्यावर जाऊ लागले, तेव्हा मी त्यांना विचारलं की त्या दिवसांत काही कळत होतं का. ते जाळं झटकत म्हणाले, "सप्पा समजत होतं, सारं. ते दोघं माह्यासमोर हासत होते ना, तवा त्याईच्या थोबाडात हाणाची होती. हात उठलाच नाई."