रविवारचा रेडिओ, पप्पांचा माइक

सरळ सांगते, तो कार्यक्रम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला संताप आला होता.

एडमंटनमध्ये मी एका आयरिश म्हातारीच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. पहिल्याच आठवड्यात तिला आंटी म्हणाले, तर म्हणाली, "मी कुणाची आंटी नाही." रविवारी सकाळी मी दारातला बर्फ फावड्याने काढून आत आले की ती वर चहाला बोलवायची. अट एकच, कार्यक्रम संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ती गाव सोडून कॅनडात आली त्याच्याही आधीपासून तो तिच्या देशातल्या रेडिओवर चालू होता. आमच्याकडे उजाडेपर्यंत तिकडे तो संपलेला असायचा. म्हणून ती लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावायची, पण म्हणायची रेडिओच. लोकांनी काहीतरी नवं लिहून पाठवायचं, निवडलं गेलं तर स्वतःच्या आवाजात वाचायचं. एक माणूस वाचणार, मग फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, किंवा बासरी, मग दुसरा माणूस.

कुणी कुत्र्याबद्दल वाचायचं, कुणी शाळेच्या वाटेबद्दल. मी वस्तीतल्या पत्रकांवर वाढलेली. पाण्याच्या टाकीचं पत्रक, शिष्यवृत्तीचं पत्रक, इथे आल्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवाढीचं. वरच्या चार ओळींत मागणी दिसली नाही तर लोक पत्रकात भजी बांधतात, हे मला शाळेत असताना कळलं होतं. आणि इथे मागणीच नाही!

एकदा एका म्हाताऱ्याने आपल्या मावशीच्या काळ्या कोटाबद्दल वाचलं. गल्लीतल्या सात घरांत तेवढा एकच बरा कोट. कुणाच्या घरी मयत झाली की तो त्या घरी जायचा. मावशी गेली तेव्हा कोट दुसऱ्याच घरी होता, तो मागून आणावा लागला. संपलं. फिडल सुरू.

"यात मुद्दा काय?" मी विचारलं. "बाकीच्यांकडे कोट का नव्हते? तुम्ही सगळे देश सोडून का आलात? कुणामुळे? त्यावर एक अक्षर नाही!"

"सात घरांत एक कोट, असं म्हणाला तो," म्हातारी म्हणाली. "तुला काय ऐकू आलं?"

"पण जबाबदार कोण ते म्हणायला नको?"

"ते तू म्हण. तुला येतं. आता ते लोणी इकडे दे."

त्याच हिवाळ्यात पप्पा गेले. फॅक्टरीतून घरी आले, बूट काढायला बसले, ते उठलेच नाहीत. माझा वर्क परमिटचा अर्ज अडकलेला. कॅनडाबाहेर पडले तर परत आत घेतील याची खात्री नाही. शिकायला बोलावतात, फी घेतात, काम करून घेतात, आणि बाप मेला की थांबा म्हणतात. मी थांबले. अजून त्याची चीड जात नाही.

भावाचा फोन आला. "ताई, पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला तुझं काहीतरी पाहिजे. आवाज रेकॉर्ड करून पाठव, मी मोबाइल माइकला लावतो. मम्मी म्हणते, लेक येऊ शकत नाही तर निदान बोलू दे."

मी एका बैठकीत लिहून काढलं. चळवळीचे निष्ठावान पाईक, समाजासाठी अहोरात्र झटणारे, वगैरे. रेकॉर्ड करून पाठवलं. थोड्या वेळाने भावाचा पुन्हा फोन.

"ताई, हे कुणाबद्दल आहे?"

"म्हणजे काय?"

"मागे नगरसेवकाचा बाप गेला तेव्हा हेच वाचलं होतं. शब्द न शब्द."

"तेही मीच लिहून दिलं होतं."

"मग आता पप्पांचं लिही की."

कार्यक्रमाच्या पत्रिकेचा फोटो त्याने पाठवला होता. पप्पांच्या नावाआधी छापलं होतं, कालकथित. आम्ही बौद्ध लोक स्वर्गीय लिहीत नाही, कैलासवासी तर नाहीच. ज्या स्वर्गात आमची जागाच नव्हती तिथे माणूस कशाला पाठवायचा? म्हणून कालकथित. म्हातारीने फोटो पाहून अर्थ विचारला. मी ठसक्यात सांगितलं, काल म्हणजे काळ, कथित म्हणजे सांगितलेला. ज्याची गोष्ट आता काळ सांगतो तो.

संध्याकाळी इथल्या आमच्या आंबेडकरी मंडळातल्या काकांचा सांत्वनाचा फोन आला. हे इंजिनिअर, शनिवारी मुलांना पाली शिकवतात. त्यांनाही मी तोच अर्थ ऐकवला.

"कथित कुठलं?" काका म्हणाले. "पालीत कालकत. मेलेला. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचं कथित झालं."

"एवढंच?"

"एवढंच गं बाई."

मला काकांचा भयंकर राग आला. शब्द चुकला म्हणून नाही. काळ काहीतरी सांगेल असं मी धरून बसले होते, तेही काढून घेतलं. पप्पा मेले होते. पुण्यानुमोदनाला तीन पुढारी बोलणार, त्यांत चळवळ येणार, समाज येणार, आणि पप्पा कुठेच येणार नाहीत. माझ्या तोंडूनसुद्धा नाहीत.

रविवारी हे सगळं म्हातारीला सांगितलं. तिने लॅपटॉप उघडलेला होता, कुणीतरी वाचत होतं. तिने ते मध्येच बंद केलं. असं तिने कधी केलं नव्हतं.

"आज तू वाच."

"लिहिलेलं नाही. आणि इंग्लिशमध्ये जमणार नाही."

"तुझ्या भाषेत बोल. मला शब्द कळणार नाहीत, पण पत्रक असलं तर कळेल."

मी सुरुवात केली. तिसऱ्याच वाक्याला तिने हात वर केला. "पत्रक." पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हात. मला रडू यायला लागलं, तिच्यावर ओरडावंसं वाटलं. मग पप्पा सभेत काय करायचे तेवढंच सांगायला लागले, आणि तिचा हात टेबलावरच राहिला. शेवटपर्यंत बोलले. मग मोबाइल समोर ठेवून तेच पुन्हा बोलले, आणि भावाला पाठवलं.

पप्पांनी जन्मात भाषण केलं नाही. वस्तीतल्या प्रत्येक सभेचा माइक ते लावायचे. स्टेज पुढाऱ्यांना, खुर्च्या पाहुण्यांना, आणि बायका पार मागे सतरंजीवर. त्या बायकांना नीट ऐकू जाईपर्यंत पप्पा कुणाच्या हातात माइक द्यायचे नाहीत. आमदार घड्याळ बघत उभा, कार्यकर्ते डोळे वटारतायत, आणि पप्पा आपले शांतपणे, "हॅलो, हॅलो. मागं ऐकू येतंय का?" बायका म्हणायच्या, "येतंय, येतंय! द्या आता त्याला, बिचारा उभा राहून वाळला!" मग पप्पा माइक देऊन खाली उतरायचे.

कार्यक्रम झाल्यावर भावाने व्हिडिओ पाठवला. म्हातारी आणि मी तिच्या किचनमध्ये बसून पाहिला. विहाराचा हॉल, पप्पांचा हार घातलेला फोटो, मम्मी पहिल्या रांगेत. भाऊ मोबाइल माइकजवळ धरून उभा आहे. आधी कर्कश शिट्टी, मग माझा आवाज. "हॅलो, हॅलो. मागं ऐकू येतंय का?"

पुढचं वाक्य मी लगेच बोलले होते, मध्ये जागा सोडली नव्हती. पण मागून बायकांचा आवाज आला, "येतंय!" आणि माझं वाक्य त्यात बुडालं. मम्मीने मागे वळून पाहिलं. भावाने मोबाइल खाली घेतला, बाहीने तोंड पुसलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.